जुन्या धक्क्याचं कार्ड

"हे तुमच्याकडे नसणार," असं म्हणत चष्मेवाल्यांनी टेबलावर एक जुनं पोस्टकार्ड ठेवलं.

दातांच्या डॉक्टरांनी ते उलटसुलट करून पाहिलं आणि परत टेबलावर ठेवलं. आपल्या गावच्या बंदराची जुनी चित्रकार्डं जमवण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. चष्म्याचं दुकान चालवणाऱ्या या साडूंकडे जेवायला येतानासुद्धा मिरवण्यासाठी ते आपला जाडजूड अल्बम घेऊन आले होते. शिडाची जहाजं, दीपगृह, जकातघर, सगळं होतं त्यात. नव्हता तो फक्त जळून जाण्याआधीचा लाकडी धक्का. आणि नेमका तोच समोर होता! मागची बाजू कोरी, कोपरे शाबूत. चष्मेवाल्यांना तर हा नाद लागून जेमतेम वर्ष झालं होतं.

"कुठे मिळालं?"

"रद्दीत. फुकट."

ते 'फुकट' डॉक्टरांना फार झोंबलं. "बरं आहे," एवढंच पुटपुटून त्यांनी टेबलावर उघडा पसरलेला आपला अल्बम धाडकन मिटला आणि काखेत मारला.

जेवणं उरकून पाहतात तर कार्ड गायब! सोफा उलटा झाला, गालिचा गुंडाळला गेला, चष्मेवाले फ्रिजसमोर पालथे पडून खाली बॅटरी मारू लागले. डॉक्टरही मनापासून शोधत होते. काखेतला अल्बम मात्र सोडत नव्हते. या गडबडीत साडू आपलंच एखादं कार्ड लांबवतील, अशी त्यांना धास्ती.

"तो अल्बमही बघू या की एकदा," चष्मेवाल्यांची बायको म्हणाली.

"ताई, माझ्या नवऱ्याची झडती घेतेस?" डॉक्टरांची बायको उसळली.

दोघी सख्ख्या बहिणी. लहानपणापासूनची उणीदुणी निघाली आणि पाहुणे तणतणत घरी परतले.

घरी आल्यावर मन रमवायला डॉक्टरांनी अल्बम उघडला, तर आत तोच धक्का! मिटताना अडकला होता. त्यांचा हात फोनकडे गेला आणि तिथेच थांबला. आता सांगावं तर चोर ठरायचं. शिवाय दीपगृहाशेजारी ते कार्ड काय शोभत होतं! उद्या देऊ, असं म्हणून त्यांनी ते भिंगाखाली ठेवलं. उद्याचा परवा झाला, परवाचा तेरवा. दुपारी दवाखान्यातून येऊन ते मनाने धक्क्यावर एक फेरी मारायचे. दुःख एकच, कोणाला दाखवता येईना.

"अहो, ताई माझा फोनच उचलत नाही," एके दिवशी बायको म्हणाली. "शेवटी मीच कमीपणा घेतला. सकाळी पत्र टाकलं."

"छान केलंस. पाकीट होतं घरात?"

"पाकीट कशाला? तुमच्या भिंगाखाली एक कोरं कार्ड होतं. तिकीट लावलं नि दिलं पेटीत टाकून. ढीगभर तर आहेत तुमची!"

डॉक्टरांनी धावत जाऊन भिंग उचललं. खाली नुसतं टेबल. "अगं, ते त्या दिवशी पाहिलं नव्हतंस का?"

"मी कुठे पाहिलं? मी ताईबरोबर आत होते."

"आणि लिहिलंस काय?"

"हेच की, भाऊजींचं कार्ड हरवल्याचं ह्यांनी फार मनाला लावून घेतलंय. जेवणात लक्ष नाही. सापडलं की लगेच कळवा."

दोन दिवसांनी फोन आला. चष्मेवाल्यांचा आवाज मधाळ होता.

"साडूभाऊ, सापडलं हो! लगेच कळवा म्हणाली होती ना मेहुणी? फ्रेम करून दुकानात लावलंय."

"धक्का छान दिसत असेल," डॉक्टर म्हणाले.

"धक्का भिंतीकडे आहे. मजकूर पुढे. मेहुणीचं अक्षर इतकं सुबक, की गिऱ्हाइकांना नंबर तपासायला तेच वाचायला देतो. धंदा बसणार बहुतेक माझा. चष्म्याशिवायच सगळे शेवटच्या ओळीपर्यंत वाचतात."