आत्याचा पिपा

माझ्या कुसुमआत्याकडे दिवाळीला गेलेला पाहुणा परत निघतो तेव्हा त्याच्या हातात दोन पिशव्या असतात. एकीत चकल्या, अनारसे आणि चिवडा. दुसरीत त्याचा स्वतःचा कचरा. वेफरची पाकिटं, मिठाईचा खोका, पाण्याच्या बाटल्या, जे जे त्यानं येताना आणलं ते सगळं दाबून, घडी घालून, सुतळीनं बांधून आत्या दारात त्याच्या हाती देते आणि म्हणते, "आनलं तुमीनं, तं न्याले बी तुमालेच लागन. आमच्या अकोल्यात कचऱ्याची काय कमी हाय काय?"

आम्हा घरच्यांना याची सवय आहे. नवा माणूस मात्र फसतो. आमच्या एका चुलत बहिणीचा नवरा पहिल्या दिवाळीला आला होता. त्याला वाटलं, आत्तेसासूबाईंनी प्रेमानं काहीतरी बांधून दिलंय. नागपूरला जाऊन त्यानं सगळ्यांसमोर मोठ्या उत्सुकतेनं पुडकं सोडलं, तर आतून त्यानंच वाटेत खाल्लेल्या बिस्किटांचे कागद निघाले. पुढची दोन वर्षं तो अकोल्याकडे फिरकला नाही. तिसऱ्या वर्षी आला तो स्टीलच्या डब्यात मिठाई घेऊनच. आत्या खूश. "पाहा, सुधरला का नाही?"

आत्याचं घर जुन्या शहरात, मोर्णा नदीच्या पलीकडे. मागच्या अंगणात एक जामाचं झाड आहे. जाम म्हणजे पेरू, पण अकोल्यात पेरू म्हणाल तर भाजीवालाही दोन क्षण विचारात पडेल. या झाडाखालच्या खड्ड्यात सालं, देठं, निर्माल्य असं सगळं जातं. उरलेल्या कचऱ्यासाठी मागच्या दाराशी एक पिपा. तेलाचा, वरचा पत्रा कापलेला. धनत्रयोदशीपासून भाऊबीजेपर्यंत घरात वीस माणसं असोत की पंचवीस, सगळ्यांचा कचरा त्या एका पिप्यात मावला पाहिजे, हा आत्याचा कायदा. आणि तो कधी अर्ध्याच्या वर गेला नाही; तेवढाही नंतर भंगारवाल्याकडे जायचा. रोज संध्याकाळी दिवे लावून झाले की आत्या पिप्यात वाकून पाहायची आणि आतली एखादी वस्तू वर काढून सगळ्यांना दाखवायची. "हे कोनं फेकलं? काहून फेकलं?" मग जो कोणी असेल तो बापडा पुढे यायचा, आणि त्या फेकलेल्या वस्तूचे पुढचे तीन उपयोग ऐकून जायचा.

सकाळी गाणं वाजवत घंटागाडी यायची. तिचा ड्रायव्हर आधी आत्याच्या दाराशी थांबायचा. आत्या हात हलवून सांगायची, "काही नाही भाऊ, समोर जा." असं महिनोन्महिने झाल्यावर त्यानं थांबणंच सोडलं. तो शेजारच्यांना म्हणाला म्हणे, या घरात माणसं राहतात की नाही?

तिचा आकाशकंदील लग्नपत्रिकांचा असतो. जाड कागद, सोनेरी बॉर्डर, वाया कशाला घालवायचा? आत दिवा लागला की बाहेरून चि. आणि चि. सौ. कां. सगळं स्वच्छ वाचता येतं. गल्लीतले लोक येता-जाता वाचतात. त्यातल्या एका जोडप्याचा काडीमोड होऊन कितीतरी वर्षं झाली, तरी दर दिवाळीला दोघं आत्याच्या दारात एकत्र उजळतात. मी एकदा म्हटलं, "आत्या, ही पत्रिका तरी काढ." ती म्हणाली, "राहू दे ना बापा. इथं तरी राहू दे सोबत."

रांगोळीचंही तसंच. पाडव्याला झाडून डब्यात भरलेली रांगोळी पुढच्या वर्षी वापरायची. सगळे रंग मिसळून जो रंग तयार होतो तो हत्तीखेरीज कुणाला शोभत नाही. म्हणून आत्याच्या अंगणात दर वर्षी हत्ती. यंदा सोंड वर, पुढच्या वर्षी सोंड खाली, एवढाच काय तो फरक.

पण आत्याचा खरा जीव होता कागदात. भेटवस्तूंवरच्या चमकदार कागदात. घरात कुणालाही काहीही भेट आली की तिचा कागद सोडवायचा मान आत्याचा. ती केसातला आकडा काढायची, चिकटपट्टीखाली हळूच सरकवायची आणि डॉक्टरानं टाका काढावा तसा कागद सोडवायची. मग त्यावर रुमाल टाकून इस्त्री. मग पलंगाखालची ट्रंक. आम्ही तिची खूप टिंगल करायचो, पण ही सवय कुठून आली ते आम्हाला ठाऊक होतं. आत्या बार्शीटाकळीजवळच्या एका शाळेत बाई होती. तीस वर्षं रोज बसनं जायची. तिच्या वर्गातल्या पोरांना रंगीत कागद कुठला मिळायला? हस्तकलेच्या तासाला आत्या आमच्या लग्ना-वाढदिवसांचे कागद घेऊन जायची. आमच्या घरच्या कागदांची फुलं, मोर आणि पताका त्या शाळेच्या भिंतीवर लागायच्या. नंतर ती रिटायर झाली. शाळा सुटली, कागद जमवणं सुटलं नाही. ट्रंक भरतच गेली.

या कागदानंच घात केला.

मागच्याच्या मागच्या दिवाळीची गोष्ट. आत्याचा एकुलता एक मुलगा विनोद पुण्याला असतो. तो, सूनबाई स्नेहल आणि सहा वर्षांची नात स्वरा दिवाळीला आले होते. काका गेल्यापासून आत्या एकटीच असते, त्यामुळे वर्षभर ती या चार दिवसांवर डोळे लावून बसते. पाडव्याच्या दिवशी स्वराच्या हाती एक खोका आला, तिच्या दुसऱ्या आजीनं पाठवलेला. निळा कागद, त्यावर चांदीच्या चांदण्या. पोरीनं दोन्ही हातांनी झडप घातली. आणि आत्या ओरडली, "थांब! फाडू नको!"

खोका आत्याच्या मांडीवर गेला. आकडा निघाला. आम्ही सगळे हसत होतो, नेहमीसारखेच. स्वरा उभी राहून पाहत होती. कागद छान होता, म्हणून आत्यानं जास्तच वेळ घेतला. शेवटी कागद अखंड निघाला, आत्यानं तो उजेडात धरला आणि खोका पोरीपुढे केला. स्वरा म्हणाली, "मला नको आता." आणि रडू लागली. साधं रडणं नाही, हुंदके देऊन. खोक्यात काय आहे ते तिनं पाहिलंसुद्धा नाही.

विनोद म्हणाला, "आई, लेकराच्या हातातून कागद हिसकून घेतला तू. कागद!" स्नेहल पोरीला उचलून आत गेली. ती बोलली असती तर बरं झालं असतं. दुसऱ्या दिवशी ते निघाले. आत्यानं सवयीनं त्यांचं कचऱ्याचं पुडकं पुढे केलं, आणि स्नेहलनं ते मुकाट्यानं घेतलं.

मागच्या दिवाळीला फोन आला, यंदा जमत नाही. स्वराचे क्लास आहेत. बाकीच्यांचंही त्याच वर्षी काही ना काही निघालं. कुणाकडे बाळंतपण, कुणी सहलीला.

मी मात्र भाऊबीजेला गेलो. आम्ही अमरावतीचे. बाबा होते तोवर दर भाऊबीजेला पहिल्या बसनं बहिणीकडे जायचे. बाबा गेले, आणि पुढच्या दिवाळीला आत्याचा फोन आला, "राजू, पाट मांडून ठेवला हाय मीनं." तेव्हापासून मी जातो आणि बाबांच्या पाटावर बसतो. आत्या मला ओवाळताना माझ्याकडे पाहत नाही, जरा वरती पाहते. बाबा माझ्यापेक्षा उंच होते.

त्या दिवशी ओवाळून झालं, जेवण झालं, हात धुवायला मागच्या दारी गेलो आणि पिपा दिसला. तळाशी चार विझलेल्या काड्या आणि औषधाच्या गोळ्यांचं एक रिकामं पाकीट. बस्स. मला थट्टा सुचली आणि मी ती करून बसलो. "आत्या, यंदा तर तू विक्रमच केला! पूर्ण दिवाळी आणि पिपा रिकामा!"

आत्या हसली नाही. पदराला हात पुसत म्हणाली, "कचरा कराले मानसं लागते, राजू."

मला माझ्या जिभेचा राग आला. ती आत गेली आणि पलंगाखालची ट्रंक ओढू लागली. मी धावलो, म्हटलं जड असेल. ट्रंक उचलली तर हलकी फूल. उघडून पाहिली तर रिकामी. एक कागद नव्हता आत.

"आत्या, कागद कुठं गेले?"

तिनं कपाटातून एक गाठोडं काढलं. चांगलं कलिंगडाएवढं, गोल. वरून निळा कागद, त्यावर चांदीच्या चांदण्या. "स्वरासाठी बाहुली केली हाय, माह्या जुन्या लुगड्याची. लहानशीच हाय." बाहुली लहानशी होती, बाकी सगळा कागद होता. तिनं ट्रंकेतला एकूण एक कागद त्या बाहुलीवर गुंडाळला होता. एकावर एक, प्रत्येकाला कणकेची खळ लावून. चिकटपट्टी तिनं आयुष्यात विकत घेतली नाही, तेव्हाही घेतली नाही. पंधरा दिवस ती हेच करत होती.

"अगं, पण हे सगळं फाटणार ना!"

"फाटूच दे. फाडाले तं लावला." मग गाठोडं माझ्या हातात देत म्हणाली, "थे पोट्टी मले भेत असन काय रे आता?"

एरवी मी काही मुद्दाम पुण्याला गेलो नसतो. पण माझी मुलगी पुण्याला शिकते आणि दिवाळीनंतर तिला होस्टेलवर सोडायला जायचं होतं. ते गाठोडं मी गाडीत मांडीवर घेऊन गेलो. बॅगेत मावेना आणि वर फळीवर ठेवायचा धीर होईना. शेजारच्या माणसानं विचारलं, काय आहे? मी म्हटलं, दिवाळी आहे.

मुलीला होस्टेलवर सोडून विनोदच्या घरी पोचलो, स्वराला समोर बसवलं आणि आत्याला व्हिडिओ कॉल लावला. फोनमध्ये आत्याचं फक्त कपाळ आणि भिंतीवरचं कॅलेंडर दिसत होतं. स्वरानं गाठोडं पाहिलं, हात पुढे केला आणि मागे घेतला. आईकडे पाहिलं. मग फोनकडे पाहून हळूच म्हणाली, "आजी, तू उघडणार?"

मी फोन स्वराच्या आणखी जवळ धरला.

"नाही माय," कपाळ म्हणालं. "तू फाड. जोरानं फाड."

पहिला कागद तिनं भीतभीतच फाडला. टर्रकन आवाज झाला. तिनं फोनकडे पाहिलं. "आनखी!" आत्या ओरडली. मग काय विचारता. निळ्याखाली लाल, लालखाली फुलाफुलांचा, त्याखाली पतंगांचा. तिच्या मांडीवर, सोफ्यावर, पंख्याच्या वाऱ्यानं स्वयंपाकघरापर्यंत कागदच कागद. पोरगी हसून हसून लोळायची वेळ आली, आणि तिकडे आत्या, "फाड! फाड माय! सोडू नको त्याले!" असं कबड्डीच्या मैदानावर ओरडावं तशी ओरडत होती. एक आगगाडीच्या चित्राचा कागद उडून विनोदच्या पायाशी आला. त्यानं उचलला आणि कितीतरी वेळ हातात धरून बसला. त्याच्या पाचव्या वाढदिवसाचा होता तो, शाळेतही न नेता आत्यानं ठेवून दिलेला. मलाही आठवला.

शेवटी बाहुली निघाली. स्वरानं ती छातीशी धरली. मग तिनं घरभर नजर फिरवली आणि एकदम गंभीर झाली. शेवटी रक्त आत्याचंच. "आजी, हा एवढा कचरा आता कुठे टाकू?"

फोनमध्ये कपाळ जरा खाली झालं, आणि पहिल्यांदाच आत्याचे डोळे दिसले.

"आपला कचरा आपुन न्या लागते ना माय. घेऊन ये इकडे. माहा पिपा रिकामाच हाय."

मग स्नेहलनं फोन हातात घेतला. ती म्हणाली, "आई, नाताळच्या सुट्टीत येतो आम्ही. पिपा तसाच ठेवा."

आणि आले. कागदाची भली मोठी पिशवी घेऊन आले, आठ दिवस राहिले. मीही सहकुटुंब जाऊन दोन दिवस राहून आलो. वेफर झाले, फुगे झाले, वाढदिवस नसताना केक झाला. पिपा भरला, वर शीग आली. आत्या येता-जाता त्याच्याकडे पाहायची, पण वाकून काही बाहेर काढलं नाही. "हे कोनं फेकलं" असं एकदाही म्हणाली नाही.

ते निघाले त्या सकाळी मी त्यांना स्टेशनवर पोचवायला गेलो होतो. निघताना स्नेहल आपलं पुडकं शोधू लागली तर आत्या म्हणाली, "राहू दे वं इथंच." मी स्टेशनवरून परत आलो तर आत्या पिपा पुढच्या ओट्यावर ओढून त्याच्या शेजारी बसली होती. तेवढ्यात गाणं वाजवत घंटागाडी आली. ड्रायव्हर सवयीनं पुढे निघाला होता. पिपा दिसला आणि त्यानं कचकन ब्रेक मारला. इतक्या वर्षांनी या घरात कचरा! तो हसत खाली उतरला आणि पिप्याला हात घातला.

आत्यानं पिप्यावर तळवा ठेवला.

"आज नको भाऊ," ती म्हणाली. "परवा ये. आत्ताच तं गेले लेकरं."