‘येतो’ नावाचं बटण

अवतार सांभाळण्यात माझा हात धरणारा अख्ख्या मेहकर तालुक्यात कोणी नाही! हसू नका. जानेफळच्या घरी बसून मी एका कंपनीसाठी हेच काम करतो. संगणकातल्या जगात माणसांच्या हुबेहूब बाहुल्या फिरतात, ते अवतार. ते जग दहा ठिकाणच्या यंत्रांवर वाटलेलं असतं. इकडून तिकडे जाताना कोणी हरवू नये, कोणी दोनदा उगवू नये, हे मी पाहतो.

त्यामुळे कॅनडातल्या संजीवनीला, माझ्या बहिणीला, सातवा महिना लागला आणि "माह्या हातानं वटी भरल्याबिगर मले चैन नाही," असं आईनं टुमणं लावलं, तेव्हा मी छाती ठोकून म्हणालो, "इथूनच भरशील!"

काय जग बांधलं म्हणून सांगू! आमचं अंगण तिच्या खोलीला जोडलं. तुळशीवर ऊन, पलीकडे भुरुभुरु बर्फ. बर्फ उडत अंगणात येई, पण थंडी कोणाला वाजत नसे. ओटीला बोलावलेल्या बाया जमिनीपासून चार बोटं वर तरंगत चालत. पाहता पाहता मलाच गुंगी आली.

ती आईनं उतरवली. "हे बटन काऊन असं? ‘जातो’?"

"निघताना दाबायचं."

"शुभ कामात ‘जातो’ म्हणते काय कोणी? ‘येतो’ लिही!"

लिहिलं. पण ‘येतो’ म्हटलं की नवा अवतार उभा करायचा, हे त्या जगाला मीच शिकवलेलं!

शेजारच्या गोजरबाईंनी आपल्या घरून, मोबाइलवरून संजीवनीला कुंकू लावलं, गाणं म्हटलं आणि "येतो माय" म्हणत बटण दाबलं. दुसऱ्या गोजरबाई उभ्या राहिल्या! त्यांनी घाबरून पुन्हा दाबलं. तिसऱ्या! आणि आपल्याकडे एकदाच ‘येतो’ म्हणून कोण निघतं? शिवाय आणखी अकरा बाया होत्या. दहा मिनिटांत संजीवनीभोवती ऐंशी बाया तरंगू लागल्या, आणि ओटीचं ताट घेतलेली आई पार मागे!

"सरक न व गोजरे!" आई ओरडली. सतरा गोजरबाई गोड हसल्या.

"दादा, आई कुठी आहे? मले दिसूनच नाही राह्यली." संजीवनी रडवेली झाली. "उठल्यापासून अन्नाचा कण नाही पोटात."

"उपाशी?" ते जग दाखवणारं डोळ्यांवरचं यंत्र तसंच ठेवून आई ताडकन उठली आणि घरच्या खऱ्या स्वयंपाकघराकडे धावली. पाय वायरीत अडकला, माझ्या संगणकाचा प्लग निघाला. ऊन, बर्फ, ऐंशी बाया, सगळं विझलं.

आई भिंत धरून उभी राहिली आणि रडायलाच लागली. "भरलीच नाही रे वटी."

मला फार वाईट वाटलं. मुकाट्यानं साधा व्हिडिओ कॉल लावला. संजीवनी पलीकडे डोळे पुसत ब्रेड खात होती. "भर न आई तिथून," ती म्हणाली.

"वटीले पदर लागते बाई. तांदूळ का हवेत टाकू?" आईनं घरभर नजर फिरवली. घरात आम्ही दोघंच. नजर माझ्यावर थांबली.

तर मंडळी, टॉवेलचा पदर पसरून मी पाटावर बसलो. कपाळी कुंकू, मांडीवर नारळ, खण, तांदूळ. फोनमध्ये संजीवनी हसत होती, रडत होती. आईनं माझ्या तोंडावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली.

"जपून राय. जड उचलू नको."

"हाव आई," आम्ही दोघंही म्हणालो.