उन्हातल्या कोंबड्या आणि एक पाहुणी

"कोंबडी कशी वाढवायची ते जगाने मला शिकवू नये!" नाना फोनवर गरजले. "तू फक्त रविवारी त्यांना जेवायला घेऊन ये, ताई. माझ्या हातचा रस्सा खाल्ला की त्या परत जायचं नाव काढणार नाहीत!"

ताई म्हणजे नानांची थोरली बहीण, आणि 'त्या' म्हणजे तिच्या ओळखीच्या एक नर्सबाई. नर्सबाईंचे यजमान वारले होते, नानांची बायकोही गेली होती. दोघांनी एकमेकांना बघावं, चार शब्द बोलावेत आणि जमलंच तर उरलेलं आयुष्य एकत्र काढावं, असा ताईचा बेत होता. नाना "छे छे, या वयात!" असं म्हणाले खरे, पण त्याच दिवशी त्यांनी आरसा घासूनपुसून लख्ख केला.

कारण नानांना घर खायला उठत होतं. टीव्हीवर बातम्या देणारी बाई "नमस्कार" म्हणाली की ते उठून "नमस्कार, नमस्कार" म्हणत. दिवस मात्र घरामागच्या शेडमध्ये बरा जाई. तिथे हजारभर कोंबड्या त्यांचं बोलणं मध्ये न तोडता ऐकून घेत. असं सुख लग्न झालेल्या माणसालाही मिळत नाही!

पण यंदा उन्हाने घात केला. कोंबडीला घाम येत नाही. ती बिचारी पंख पसरून, चोच उघडी टाकून नुसती धापा टाकते. दाण्याला तोंड लावत नाही, पाणी तेवढं पिते आणि वाढ खुंटते. नानांच्या कोंबड्या विकायच्या वयाच्या झाल्या होत्या, पण काट्यावर ठेवल्या की काटा हलायचा कंटाळा करी.

जनावरांचे डॉक्टर बजावून गेले होते, "दुपारी खाद्य काढून घ्या. पाणी गार ठेवा. आणि कोणीतरी त्यांच्यातून हळूहळू फिरत राहा. बसून राहिल्या की पोटाखालची ऊब तिथेच कोंडते, उठल्या की वारा लागतो. आणि काही झालं तरी भर उन्हात कोंबडी पळवून कापू नका. मांस पांढरंफटक पडतं, पाणी सोडतं."

"हे तुम्ही मला सांगताय?" नाना म्हणाले होते.

रविवारी सकाळी गारव्यात कोंबडी कापायची, हे ठरलेलंच होतं. पण कोणता सदरा घालावा हे काही केल्या ठरेना! सदरा ठरला तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. नानांनी सगळ्यांत गुबगुबीत कोंबडी हेरली. अख्ख्या शेडमध्ये पळायचं त्राण उरलेली तेवढी एकच होती, आणि ती पळाली! नाना तिच्यामागे, ती खांबांमागे. शेवटी हाती लागली तेव्हा जास्त धाप कोणाला लागली होती ते सांगणं कठीण.

पातेल्यात त्या मांसाने जे पाणी सोडायला सुरुवात केली, ते थांबेचना. तुकडे आकसत गेले आणि रस्सा वाढत गेला. नाना पळीने पाणी उपसत असतानाच दारात गाडी थांबली.

"आत बसा! मी शेडमध्ये फिरून आलोच!"

"अरे, पाहुण्या आल्यात आणि फिरायला कुठे निघालास?" ताई ओरडली.

"अगं, त्या बसल्यात! त्यांना उठवायला हवं!"

"आम्ही उभ्या आहोत, त्याचं काय?"

नर्सबाई हसल्या. "मी येते की. दोघं असलो तर लवकर होईल."

नाना हरखले! ताईला रश्शापाशी उभं करून दोघं शेडमध्ये फिरू लागली. नाना कोंबड्यांबद्दल बोलले, मग बायकोबद्दल बोलले, मग म्हणाले, "एकट्या माणसाला जेवण जात नाही हो. भूक असते, पण जात नाही."

"मी तर ओट्यापाशी उभ्यानेच खाते," नर्सबाई म्हणाल्या. "पान वाढून घ्यायचं कोणासाठी?"

इतकं नेमकं नानांना कोणी कधी बोलून दाखवलं नव्हतं. ते काहीतरी बोलणार, तेवढ्यात त्यांचा हात पाण्याच्या भांड्याला लागला. पाणी तापलेलं! झालं, नाना घरात धावले. फ्रिजमधला बर्फ गेला, गार बाटल्या गेल्या. ताईने पाहुणीसाठी केलेल्या सरबताच्या जगाकडे हात पुढे केला, तो तसाच राहिला.

"लिंबू, मीठ, साखर! उन्हात कोंबडीला याहून चांगलं काही नाही!" म्हणत नाना जग घेऊन पसार झाले. नर्सबाईंनी तो भांड्यात रिकामा होताना पाहिला आणि पदराने वारा घेतला.

जेवताना छतावरच्या टाकीतलं पाणी पेल्यात ओतलं, तर त्यात चहाची पूड टाकायचीच बाकी होती. नर्सबाईंनी एक घोट घेऊन पेला खाली ठेवला. रस्सा चाखून "छान झालाय" म्हणाल्या. इंजेक्शन दुखणार नाही असं सांगताना त्यांचा आवाज असाच लागत असणार.

निघताना त्यांचा चेहरा लालबुंद झाला होता. ओठ किंचित उघडे, श्वास भराभर, नजर खाली. नाना मनात म्हणाले, लाजल्या!

संध्याकाळी ताईचा फोन आला. नानांनी पहिल्याच घंटेला उचलला.

"काय म्हणाल्या? लाजत होत्या ना?"

"लाजतेय कसली! गाडीत बसल्याबरोबर चक्कर आली तिला! आत्ता कुठे डोळे उघडलेत. भर उन्हात पत्र्याखाली फिरवलंस, आणि घोटभर गार पाणी विचारलं नाहीस? म्हणाली, माणूस वाईट नाही, पण मला नको."

"अगं, मग त्यांनी मागायचं ना!"

"कोंबड्या मागतात का रे?" ताई म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

कोंबड्यांच्या विषयात नाना आयुष्यात पहिल्यांदाच गप्प बसले, आणि अहो, त्या घरात ते कोणाच्या लक्षातही आलं नाही!