मास्तरवरची सुपारी

माझं शिक्षण चौथीपर्यंत. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ चुकेल, जोडाक्षर फुटेल, आणि अक्षर तर तांदूळ निवडून बाजूला सारलेल्या खड्यांसारखं आहे. कुणी वाचलंच तर सांभाळून घ्यावं. बोलताना मला लाज वाटते, लिहिताना कमी वाटते, म्हणून लिहिते.

उधारी असलेला माणूस सावकाराला बघून रस्ता बदलतो. आमच्या शेजारचा बाळाराम मास्तर उलट मुद्दाम आपली उधारी सांगायला येतो. रोज सकाळी, मी अंगणात सडा टाकत असताना, कुडाच्या पलीकडून त्याचा आवाज येतो, "धसईवाले, तुझ्या बापाची सुपारी हाय हां माझ्यावर. मी इसरलो नाय." माझं माहेर धसई, म्हणून धसईवाले. मग मी चहा देते. चहा पिऊन तो कप पालथा घालतो आणि जातो. पंचवीस वर्षं होत आली, माझी मुलगी या वाक्यावर मोठी झाली.

सुपारी म्हणजे वाजवणाऱ्याला आगाऊ दिलेले पैसे. मास्तर शाळेतला मास्तर नव्हे. त्याची बेंजो पार्टी होती. बेंजो म्हणजे तारांचं, बटणं दाबून वाजवायचं वाद्य. कर्णा लावला की दोन पाड्यांपलीकडे ऐकू जायचा. मास्तरचा बेंजो, काशिनाथदादाची ढोलकी आणि दामूदादाची सनई. शहापूर-मुरबाडच्या हळदी एकेकाळी या तिघांशिवाय होत नसत.

माझ्या हळदीला माझ्या बाबांनी भात विकून मास्तरला पाचशे रुपये सुपारी दिली होती. हळदीच्या संध्याकाळी हे तिघं टेम्पोतून निघाले. धसईच्या अलीकडे एका पाड्यावर त्यांना मांडव दिसला, दिवे दिसले, हळद लागलेली नवरी दिसली. आणखी काय बघायचं? लग्नसराईत आमच्याकडे पाड्यापाड्यावर मांडव असतो, हे ज्यांना सगळ्यांत जास्त ठाऊक तेच ते विसरले. उतरले आणि वाजवायला लागले. त्या घरच्यांना वाटलं नवऱ्याकडच्यांनी पाठवले, नवऱ्याकडच्यांना वाटलं मामाने आणले. मामाने तर मान आपल्याकडे येतोय बघून तिघांना नारळ दिले. सकाळी मास्तर उरलेले पैसे मागायला गेला, तेव्हा यजमान म्हणाला, "कसले पैसे? तुमी हाय कोण?"

तोपर्यंत धसईत माझी हळद बायकांनी टोप वाजवून, गाणी म्हणून उरकली होती. बाबा रस्त्यावर उभे राहून टेम्पोची वाट बघत होते. गाव हसलं. मास्तर दुसऱ्या दिवशी तोंड दाखवायला गेला, तर बाबांनी नुसती मान फिरवली. सुपारीचे पैसे तर डिझेलात आणि तिघांच्या वाट्यात गेले होते.

पुढे महिन्याभराने मी नवी सून म्हणून हंडा घेऊन विहिरीवर गेले. तिथे एका माणसाने माहेर विचारलं. धसई म्हटलं. कुणाची गो, म्हणाला. मी खाली बघून बाबांचं नाव सांगितलं. तो माणूस विहिरीच्या कठड्यावर मटकन बसला. तो मास्तर. माझ्या सासरच्या घराला लागून त्याचं घर होतं. लग्नसराईत तो महिनाभर बाहेरगावी वाजवत फिरलेला, शेजारी सून कुठून आली ते त्याला ठाऊकच नव्हतं.

आता कुणी म्हणेल, पाचशे रुपये, देऊन टाकायचे. आमच्या ह्यांनीही सांगून बघितलं. मास्तरची काकडी चांगली व्हायची, गवत विकायचा, पुढे मुलगा कल्याणहून पैसे पाठवायला लागला. पण मास्तरचा नियम आडवा. वाजवायला घेतलेले पैसे वाजवूनच फेडायचे. काकडीचे पैसे काकडीचे. "भाताच्या कणगीत कोणी नाचणी ओतत नाय," तो म्हणायचा. आणि वाजवायला मिळायचं कुठे? डीजे आला. आधी एका गावात, मग सगळीकडे. भिंतीएवढे स्पीकर आले, तिथे बेंजो कोण ऐकणार. तारा गंजू नयेत म्हणून मास्तर आठवड्यातून एकदा बेंजोवरची चादर काढायचा, दोन बोटं फिरवायचा आणि पुन्हा झाकायचा.

त्यात दुसरं वेड. तो म्हणायचा, तुझ्या बापानं मला पाचशे दिले नाय, दोन पोती भात दिला. तेव्हा आज दोन पोती भाताचा जो भाव तो माझ्यावर. मी माहेरी जायला निघाले की ह्यांच्या आधी मास्तर एस्टीच्या थांब्यावर हजर. धसईच्या बाजारात भात काय चाललाय ते विचारून ये, म्हणायचा. मी येऊन भाव सांगितला, की वाढला म्हणून हळहळायचा, पण चेहऱ्यावर एक समाधानही असायचं. घेणेकऱ्याला न विचारता आपलं देणं आपणच वाढवत नेणारा माणूस मी दुसरा बघितला नाही.

त्याची बायको गेली त्या वर्षी तो बरेच दिवस बाहेर पडला नाही. मग एका सकाळी कुडाच्या पलीकडून आवाज आला, "धसईवाले, सुपारी हाय हां." मी दोन चमचे साखर जास्त घातली.

दोन वर्षांपूर्वी तानशाच्या रस्त्याला एक रिसॉर्ट झालं. मी तिथे शनिवार-रविवार चुलीवरच्या भाकऱ्या करायला जाते. तिथे एका हॉलला क्लब म्हणतात. आत कॅरम, टीव्ही आणि कोपऱ्यात लाकडी स्टेज. मॅनेजरला वाटलं, पाहुणे जेवताना इथलंच काहीतरी जुनं वाजलं पाहिजे. कुणी आहे का, असं त्याने भाकरीवाल्या आम्हा बायकांना विचारलं. मला माहीत होतं, पण तोंडातून शब्द फुटला नाही. घरी येऊन ह्यांना सांगितलं. ह्यांनी मास्तरला सांगितलं. मास्तर तसाच उठून काशिनाथदादाकडे गेला.

काशिनाथदादाने पहिल्यांदा नाही म्हटलं. त्याला आता ऐकू येत नव्हतं. मास्तर म्हणाला, आपल्याला आधी तरी कुठं एकमेकांचं ऐकू यायचं, कर्णाच एवढा मोठा होता. दामूदादाने कवळी काढून दाखवली. सनई फुंकली की कवळी हलते आणि काढली की फुंक गळते. मास्तरने बसून तीन प्रकारे फुंकायला लावलं आणि शेवटी ठरवलं की वरची ठेवायची, खालची डब्यात. तिघांचे गुडघे गेलेले, दोघांना बीपीच्या गोळ्या. अशी पार्टी पुन्हा उभी राहिली. उभी म्हणजे बोलण्यापुरती. मॅनेजरने खुर्च्या दिल्या होत्या.

तीच पहिली पंचाईत. हे तिघं जन्मभर वरातीत चालत किंवा मांडवात उभ्याने वाजवत आलेले. बसून वाजवायचं म्हणजे त्यांना जेवायला बसल्यासारखं वाटायचं. त्यात दुपारची वेळ, वर पंखा. दुसऱ्याच रविवारी काशिनाथदादाला वाजवता वाजवता झोप लागली. हात मात्र चालूच. ठेका तसूभर हलला नाही. गाणं संपलं, मास्तर थांबला, दामूदादा थांबला, ढोलकी आपली चालू. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं हा ढोलकीचा खास तुकडा आहे.

दुसरी पंचाईत, मॅनेजर सारखा येऊन सांगायचा, काका, हळू. लोक जेवतायत. हळू वाजवणं या तिघांच्या धंद्यातच नव्हतं. पुढच्या पाड्याला ऐकू गेलं नाही तर हळदीवाले पैसे कापायचे. मास्तरने मॅनेजरला विचारलं, "हळू म्हंजे किती? मयतासारखं?" शेवटी हळू वाजवायला त्यांना शिकवलं ते दमाने. तासाभरात दम संपायचा आणि मग आपोआप हळू व्हायचं. पाहुण्यांना तेच आवडायचं. हळदीतली उडती गाणी, पण थकलेली, मध्ये मध्ये श्वास घ्यायला थांबणारी. मी आत भाकरी थापताना ऐकायचे. ऐन भरातली त्यांची पार्टी मी कधी ऐकलीच नव्हती, माझ्या वाट्याला हीच आली. मला बरी वाटायची.

पैसे महिन्याच्या शेवटी मिळायचे. तिघांचे सारखे वाटे आणि एक वाटा वाद्यांचा, तारा, कातडं, गाडीभाडं. मास्तर आपला वाटा घरी आणून एका कापडी पिशवीत टाकायचा. पाच-सहा महिन्यांत दोन पोत्यांचा भाव जमला असेल असं मी धरून चालले होते. पण सकाळी आवाज तोच. "धसईवाले, सुपारी हाय हां." कधी म्हणायचा तार तुटली, कधी म्हणायचा भाताचा नवा भाव कळू दे. पावसाळा गेला, कापणी झाली. हे हसून म्हणाले, मास्तर आता चेंगट झाला.

मला हसू येईना. कारण धसईला बाबा अंथरुणाला खिळले होते. भाऊ फोनवर सांगायचा की जेवण कमी झालंय, डॉक्टर म्हणतात वय झालं. बाबा असेच गेले असते तर मास्तर ते पैसे कुणाला देणार होता? भावाला दिले तर चालले नसते, त्याच्या हिशेबात सुपारी देणाऱ्याच्याच हातात परत गेली पाहिजे. बाबा गेले की ते देणं त्याच्या अंगावर कायमचं राहणार होतं. आणि इकडे पिशवी भरलेली असून माणूस हलत नव्हता.

एका सकाळी त्याने कुडापलीकडून हाक मारली, तेव्हा मी चहा आणला नाही. पिशवी घ्या, म्हटलं. मी आज धसईला चाललेय, बाबांचं काही खरं नाही. मास्तर घरात गेला. थोड्या वेळाने इस्त्रीचा सदरा घालून थांब्यावर आला. एस्टीत माझ्या पुढच्या सीटवर बसला, पिशवी मांडीवर धरून.

धसईला उतरल्यावर तो रेंगाळला. बाजारात वांगी बघत उभा राहिला. भाताच्या दुकानात जाऊन भाव विचारून आला. मग पिशवीतून नोटा काढल्या, त्यातल्या काही वेगळ्या केल्या आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "हे थोडे मागं ठेवू का गो? बाकीचे देतो. थोडे राहू दे माझ्यावर."

का, म्हणून मी विचारलं.

"सगळे फिटले तर सकाळी काय सांगत येऊ तुझ्या दारात?"

तो वांग्यांकडेच बघत होता. त्याचा मुलगा कल्याणला, वर्षातून दोनदा येणार. घरात भिंतीला टेकवलेला बेंजो. दिवसभरात त्याच्याशी बोलणारं कोण, हे मी शेजारी राहून कधी मोजलं नव्हतं.

मला पटकन बोलता येत नाही. पण माहेरच्या मातीवर थोडी जीभ सुटते. मी म्हटलं, "मास्तर, सासरी मला सगळे सून म्हणतात, आई म्हणतात, भाकरीवाली म्हणतात. रोज माझ्या बापाचं नाव काढणारे तुमी एकटे. पैसे फिटले म्हणून ते बंद करू नका."

त्याने नाक सदऱ्याच्या बाहीला पुसलं. वेगळ्या केलेल्या नोटा परत इतर नोटांत घातल्या आणि माझ्या पुढे चालायला लागला.

बाबा खाटेवर होते. भावाने उशी लावून बसवलं. ओळखायला वेळ लागला. मग ओठ घट्ट झाले, मला वाटलं मान फिरवतायत. पण त्यांनी विचारलं, "त्या दिवशी कुठं वाजवलंस रे?"

मास्तरने पाड्याचं नाव सांगितलं. सगळं सांगितलं, मामाचा नारळसुद्धा.

बाबांनी विचारलं, "मंग ती पोर सुखात हाय का?"

"हाय. मी जाऊन बघून येतो दरसाल. पोरं मोठी झाली, औंदा नातू झाला. तिचा दाल्ला पीत नाय."

हे मलाही माहीत नव्हतं. दरवर्षी कापणीनंतर मास्तर एक दिवस कुठे जातो ते आम्ही कधी विचारलं नव्हतं.

"बरं झालं," बाबा म्हणाले. "कुणाच्या तरी पोरीच्या हळदीला वाजलं." त्यांना हसू आलं आणि हसताना खोकला लागला. भावाने पाणी दिलं. खोकला थांबल्यावर त्यांनी हात पुढे केला.

मास्तरने दोन्ही हातांनी नोटा दिल्या. भाऊ म्हणाला, एवढे कसे, पाचशे होते ना. बाबांनी त्याला गप्प केलं. मास्तरने दोन पोत्यांचा हिशेब सांगितला, आजचा भाव सांगितला, तासाभरापूर्वीच विचारलेला. बाबांना तो हिशेब पटलेला दिसला. त्यांनी एकेक नोट अंगठ्याने सरकवत सगळ्या मोजल्या, मध्ये चुकले म्हणून पुन्हा पहिल्यापासून मोजल्या. आम्ही कुणी मदत केली नाही. मग त्यांनी नोटा उशीखाली सारल्या, मास्तरच्या मनगटावर हात ठेवला आणि म्हणाले, "फिटली रे."