मालिनीताईंचे सर्वपक्षीय यजमान

ऐक ना, मध्ये बोलू नकोस. आपली हार्लेमची विशाखा आहे ना, तिला या कोरोनात युट्रेख्टच्या एका संशोधन संस्थेत काम मिळालं. घरूनच, दोन महिने ट्रायलवर. नवऱ्याच्या व्हिसावर येऊन पाच वर्षं झाली, इथली ही पहिलीच नोकरी! काम काय, तर एका देशाच्या संसदेतल्या खासदारांचे गट लावायचे. एका विचाराचे म्हणून जमले ते ‘वैचारिक’. पक्ष विसरून एका कामासाठी जमले ते ‘सर्वपक्षीय’.

"यात काय अवघड? मी इथल्या मराठी मंडळात पाच वर्षं काढलीत," ती कुशलला, म्हणजे नवऱ्याला, म्हणाली.

आणि खरंच, तिने आधी मंडळावरच सराव केला. इंग्रजीत, रीतसर. उकडीच्या मोदकांचा गट: वैचारिक. तळणीच्या मोदकांचा: वैचारिक, कडवा. ‘अध्यक्ष बदला’ गट: सर्वपक्षीय. त्यात तळणीवाले सगळे, उकडीवाले एकच, वासुदेवकाका. अध्यक्ष कोण, तर मालिनीताई. आणि काका त्यांचेच यजमान!

तिची सवय अशी, की मसाल्याच्या डब्यासारखं सगळं एकाच फाइलमध्ये. संसद, मंडळ, आरत्या. यंदा गणपती झूमवर. बेचाळीस घरं टाळ घेऊन बसलेली. हिने आरती दाखवायला स्क्रीन शेअर केली आणि उघडलं मंडळाच्या गटांचं पान.

टाळ थांबले.

"अहो, हे काय वाचतेय मी?" मालिनीताई म्हणाल्या.

काकांनी झटकन कॅमेरा बंद केला. पण बसले होते ताईंच्याच सोफ्यावर ना!

सकाळी तळणीवाल्या दत्ताचा फोन. "कडवा म्हणालीस, आवडलं. पण सर्वपक्षीय? मला काही तत्त्वं आहेत की नाहीत?"

त्याची समजूत घालता घालता तीच अख्खी फाइल साहेबिणीला गेली. आनेलीसबाई डच, गोडगोड बोलणं ठाऊकच नाही. "संसदेचं काम ठीक आहे. मोदकांचं उत्तम. सर्वपक्षीय म्हणजे काय, ते फक्त तुला कळलंय. नव्या लोकांना नमुना म्हणून हेच देऊ. फक्त नाव असलेल्या प्रत्येकाची लेखी परवानगी आण, शुक्रवारपर्यंत. मग तुझी नोकरी पक्की."

सगळ्यांनी दिली, दत्तानेसुद्धा. राहिल्या मालिनीताई.

"देते की सही. त्या गटातून ह्यांचं नाव तेवढं काढ."

आता काका काढले तर उरतात नुसते तळणीवाले. मग गट सर्वपक्षीय कुठला? नमुना गेला, नोकरी गेली. काका ठेवले तर ताईंची सही नाही. त्यात काल काकांचा फोन, बाल्कनीतून, दबक्या आवाजात: "विशाखा, माझं नाव राहू दे गं. आयुष्यात पहिल्यांदाच माझ्यावाचून कुणाचं तरी अडलंय."

उद्या शुक्रवार. तिच्या जागी तू असतीस, तर काय केलं असतंस?