भागाक्काने मागितलेला ताजा मासा

बाळांनो, एका जंगलात एक सिंह होता आणि तो म्हातारा झाल्यावर तिथे लोकशाही आली. लोकशाही म्हणजे काय, ते तुम्हाला मोठे झाल्यावरही कळणार नाही. सध्या एवढेच ध्यानात ठेवा, की पूर्वी एकटा सिंह खायचा, आता सभा खाऊ लागली.

सभा पाणवठ्याजवळच्या वडाखाली भरायची. सत्ताधाऱ्यांचे पुढारी होते दौलतराव. ते कोल्हा होते. विरोधकांचे पुढारी होते आप्पासाहेब. ते तरस होते. (पुढाऱ्यांना अहो-जाहो करायचे असते, बाळांनो. काम करणाऱ्यांना अगं-तुगं चालते.) दोघांचे रोज कडाक्याचे भांडण होई. दौलतराव म्हणाले, ‘सूर्य पूर्वेला उगवला,’ की आप्पासाहेब निषेध करून सभेबाहेर जात.

जंगलाचे एक सामाईक कोठार होते. पाणमांजरे आणि बगळे त्यात मासे टाकत, माकडे फळे टाकत, अस्वले मध टाकत. त्यातून सभासदांचे मानधन निघे आणि जंगलाची कामे करणाऱ्यांचा पगारही निघे. फरक इतकाच, की मानधन आधी निघे.

त्या जंगलात भागाक्का नावाची एक गिधाडीण राहायची. मान बोडकी, आवाज घोगरा, स्वभाव रोखठोक. जंगलाची सफाई तिच्याकडे होती. कुठे जनावर मरून पडले, की ती आपल्या भाच्या-पुतण्यांना घेऊन जायची आणि जागा लख्ख करून यायची. एके काळी हे काम तरसही करत. पण आप्पासाहेब निवडून आले आणि त्यांना मेलेल्या जनावराचा वास येऊ लागला.

एकदा भागाक्का सभेपुढे उभी राहिली.

“साहेब,” ती म्हणाली, “आमच्या पगाराचं बघा काहीतरी. कोठारातून आम्हाला आठवड्याला एक मासा मिळतो, तोही शिळा. सडकं उपसून उपसून आमची पोरं आजारी पडतात. माझा थोरला भाऊ पोटाच्या दुखण्यानं गेला. रोज एक ताजा मासा द्या. जास्त मागत नाही.”

दौलतरावांनी शेपटी सावरली. “भागाक्का, तुझं काम म्हणजे खाणंच की! जेवता जेवता नोकरी होते तुझी. वर आणखी मासा?”

“मग साहेब, तुम्ही एकदा जेवायला या आमच्याकडे. परवा मेलेली सांबरीण आहे.”

सभेत कुजबुज झाली. दौलतरावांना ठसका लागला.

आप्पासाहेब कळवळून उठले. “आमच्या पक्षाचा तुला संपूर्ण पाठिंबा आहे, भागाक्का! पण कोठाराची अवस्था तू पाहतेस. शिवाय सफाई ही सेवा आहे, ताई. सेवेला मोल लावून तिचा अपमान करू नये.”

मग भागाक्काच्या मागणीचा अभ्यास करायला एक समिती नेमली गेली. समितीवर कासव होते. दुसरे कोणी नव्हते.

भागाक्का वळून चार पावले गेली नसेल, तोच मागे दौलतरावांचा आवाज आला. “पुढचा विषय. सभासदांचे मानधन दुप्पट करणे.”

“अनुमोदन!” आप्पासाहेब ओरडले.

भागाक्का थबकली. त्या दोघांचे एकमत झालेले तिने जन्मात ऐकले नव्हते. तिला वाटले, चुकून झाले असेल. पण मागे सगळे पंजे, खूर आणि पंख वर गेले होते. एक माकड तर दोन्ही हात वर करून बसले होते.

“आणि कोठाराची अवस्था?” भागाक्काने विचारले.

“म्हणून तर!” दौलतराव म्हणाले. “अशा बिकट अवस्थेत कारभार करायचा म्हणजे किती ताण पडतो, तुला काय कळणार?”

त्या दिवशी भागाक्काने आपल्या माणसांना सांगितले, “आजपासून कुणी खाली उतरायचं नाही.” सगळी गिधाडे कड्यावर जाऊन बसली. जंगलात संप सुरू झाला.

लवकरच पाणवठ्यापाशी एक म्हातारा रानरेडा मेला. चांगला भरभक्कम रेडा होता. ऊन कडक होते. दुसऱ्या दिवशी सभासद नाकाला पाने लावून बसले. तिसऱ्या दिवशी सभापतींना भोवळ आली.

आता तुम्हाला वाटेल, की सभेने भागाक्काला ताजा मासा दिला असेल. बाळांनो, तुम्ही अजून लहान आहात.

सभेने अधिवेशन थंड हवेच्या डोंगरावर हलवले. डोंगर चढायचा म्हणून प्रवासभत्ता मंजूर झाला. वर थंडी असते म्हणून मधाचा भत्ता मंजूर झाला. आपला परिसर सोडून राहावे लागते म्हणून विरहभत्ता मंजूर झाला. हा शेवटचा भत्ता विरोधकांनी सुचवला. कोठारातले मासे आणि मध वर वाहून न्यायला सगळी माकडे लागली.

सभा गेली आणि एक गंमत झाली. सभा गेली हे कोणाच्या लक्षातच आले नाही. सुगरणींनी घरटी विणली. पाणमांजरांनी मासे धरले. सशांना पिल्ले झाली. एकाचेही कशावाचून अडले नाही. फक्त रेड्याचा वास मात्र सगळ्या जंगलात पसरला. माश्या घोंघावू लागल्या. पाण्यावर तवंग आला. पण दुसरे पाणी जवळपास नव्हते, म्हणून जनावरे तेच पाणी पीत राहिली.

एका दुपारी सगुणा नावाची हरिणी धापा टाकत कड्याखाली आली.

“भागाक्का! माझं पाडस उठत नाही गं. दोन दिवस झाले, पोटात काही ठरत नाही त्याच्या.”

भागाक्का कड्याच्या टोकाशी सरकली.

“तुझी मागणी बरोबरच आहे,” सगुणा म्हणाली. “मी कुणाला तोंडावर सांगेन तसं. पण मी आता काय करू, ते सांग.”

“डोंगरावर जा. सभेला सांग.”

“जाऊन आले. दौलतरावांनी तीव्र दुःख व्यक्त केलं. आप्पासाहेबांनी त्याहून तीव्र केलं. मग दोघं जेवायला गेले.”

भाचा म्हणाला, “मावशे, आता उतरू नकोस. आणखी थोडं थांबलो, तर ते नमतील.”

“ते नमणार नाहीत रे,” भागाक्का म्हणाली. “वास वर पोचत नाही. आणि पाडस काही सभासद नाही.”

तिला राग आला होता, आणि आपल्याला राहवत नाही याचाही राग आला होता. मग तिने पंख उघडले. तिच्यामागून एकेक करत सगळी गिधाडे पाणवठ्यावर उतरली.

संध्याकाळपर्यंत जागा साफ झाली. पाणी निवळायला थोडे दिवस लागले. सगुणाचे पाडस उभे राहिले, मग चालले, मग उड्या मारू लागले. भागाक्काचा धाकटा पुतण्या मात्र ते सडके मांस खाऊन आजारी पडला आणि पुढे कधी नीट उडू शकला नाही. सभेच्या कामकाजात त्याची नोंद नाही.

हवा शुद्ध झाल्यावर सभा डोंगरावरून उतरली. हारतुरे झाले. दौलतराव म्हणाले, “सभेने दाखवलेल्या संयमामुळेच हे संकट टळले!” आप्पासाहेब म्हणाले, “आमच्या दबावामुळेच सरकारला संयम दाखवावा लागला!” दोघांनाही टाळ्या मिळाल्या. मग संयमभत्ता मंजूर झाला.

संपाच्या काळातला गिधाडांचा शिळा मासा कापण्यात आला. नियम म्हणजे नियम, काम नाही तर पगार नाही. हा नियम सभेला लागू आहे का, असे एका सशाने विचारले. त्या सशाची चौकशी अजून चालू आहे.

पण सभा कृतघ्न नव्हती, बाळांनो. भागाक्काला ‘जंगलभूषण’ ही पदवी देण्यात आली. वडाखाली मोठा समारंभ झाला. दौलतरावांनी तिच्या बोडक्या मानेवर केळीच्या पानांची शाल घातली. ती घसरली. त्यांनी पुन्हा घातली. ती पुन्हा घसरली.

“साहेब,” भागाक्का म्हणाली, “शाल राहू द्या. मासा द्या.”

दौलतराव पोट धरून हसले. “बघा! एवढी मोठी झाली, पण विनोदबुद्धी काही गेली नाही!”

सगळी सभा हसली. आप्पासाहेब तर सर्वांत मोठ्याने हसले. अर्थात, ते तरसच होते. मग सगळ्यांनी उभे राहून टाळ्या वाजवल्या, आणि सभासद ताजे मासे जेवायला गेले.

तात्पर्य : ज्यांच्यावाचून सगळ्यांचे अडते, त्यांचा पगार वाढवू नये; ते बिचारे कामावर परत येतातच. पगार त्यांचाच वाढवावा ज्यांच्यावाचून कोणाचेच अडत नाही. नाहीतर ते एक दिवस संपावर जातील, आणि मग हे सगळ्यांना कळेल.