भिमीचा तिसरा भाग

दुपारी चारच्या सुमारास आमच्या तळमजल्यावरून "मेले, वल्हं धर! चिंबोरी आली मागं!" अशी आरोळी आली की नवे भाडेकरू जिन्यातच थबकतात. जुने थबकत नाहीत. हिराबाई टीव्हीसमोर बसल्या आहेत हे त्यांना ठाऊक असतं. हातात गेमचा रिमोट असतो, आणि परदेशातल्या कुणीतरी मोठ्या मेहनतीने घडवलेली एक शूर मुलगी त्या वेळी पनवेलच्या एका आगरी बाईच्या शिव्या खात असते.

हे आज लिहायला कारण घडलं आहे. मुंबईच्या एका संशोधक बाईंचं पुस्तक आलं आहे, त्यात हिराबाईंचा एक धवला छापला आहे. धवला म्हणजे आगरी लग्नात बायका म्हणतात ते गाणं. या धवल्यात एक बुडालेलं गाव आहे, दोन बहिणी आहेत, दोन होड्या आहेत. बाई लिहितात की हे गाणं कित्येक पिढ्या जुनं असून त्यात या किनाऱ्यावरच्या एखाद्या विसरलेल्या जलप्रलयाची आठवण जपलेली दिसते.

पुस्तक चांगलं आहे. छपाई सुबक आहे. पण तो जलप्रलय व्हिडिओ गेममधला आहे, आणि गाण्यातला मजकूर बराचसा माझा आहे. माझं वय अठ्ठ्याहत्तर. हे आता मी सांगितलं नाही तर सांगणारं दुसरं कोणी नाही.

हिराबाई धवलारीण आहेत. म्हणजे हळदीपासून नवरी सासरी जाईपर्यंत लग्न गाऊन पुरं करणारी बाई. त्यांच्या समाजात भटजी उशिरा आला तर चालतं, धवलारीण उशिरा आली तर मांडवात कुणी हलत नाही. आमची सोसायटी उभी आहे ती जमीन हिराबाईंच्या वडिलांची. भातशेती होती. त्यामुळे त्या फ्लॅट नंबर मानत नाहीत, शेतांच्या तुकड्यांची नावं सांगतात. मी इथे राहायला आलो तेव्हा पहिल्याच भेटीत म्हणाल्या, "तुमची झोपायची खोली आमच्या लांबोटीत येते, भाऊसाहेब. तितं पानी लय साचायचं. पाय दुखतील." माझे पाय दुखतात.

मी तहसील कचेरीत हेडक्लार्क होतो म्हणून 'भाऊसाहेब'. निवृत्त होऊन वीस वर्षं झाली, तरी हिराबाईंच्या लेखी मी कचेरीतच आहे.

त्यांची गाण्याची एक तऱ्हा मला फार दिवस विचित्र वाटत असे. एक ओळ सरळ समोर बघून म्हणायच्या. मग मान डावीकडे वळवायच्या आणि दुसरी ओळ जरा बारीक आवाजात म्हणायच्या. पुन्हा समोर, पुन्हा डावीकडे. मला वाटे, मानेचा व्यायाम असेल. माझ्या बायकोने एकदा सांगितलं, "धवला दोघींनी म्हणायचा असतो. एकीने टाकायचा, दुसरीने उचलायचा. ती त्यांची धाकटी बहीण उचलायची. मोऱ्याला दिलीय. ही इमारत झाली तेव्हापासून बोलणं नाही." मोठी बहीण लग्नानंतर वडिलांच्याच घरी राहिली, तिला फ्लॅट मिळाला. धाकटी उरणजवळच्या मोरा बंदराला गेली, तिला काही मिळालं नाही. भांडण एवढंच. असली भांडणं मी कचेरीत रोज पाहिली होती, म्हणून मी त्यावर फार विचार केला नाही.

आता गेम. हिराबाईंच्या मुलाने रस्त्यालगतच्या गाळ्यात गेम पार्लर काढलं होतं. ते चाललं नाही. गाळ्यात आता केकचं दुकान आहे, तेही चालत नाही. पार्लरमधलं एक यंत्र घरात आलं आणि टीव्हीला जोडलेलं राहिलं. सीरियल लावायला गेलेल्या हिराबाईंकडून एके दिवशी भलतंच बटण दाबलं गेलं, आणि टीव्हीवर पाणी दिसलं, पाण्यात बुडालेली घरं दिसली, आणि हातात कंदील घेऊन होडीत उभी राहिलेली एक मुलगी दिसली.

"उभ्यानं वल्हवतेय, मेली!" हिराबाई म्हणाल्या, आणि तिला बसवायला म्हणून जो रिमोट हातात घेतला तो घेतलाच.

त्या मुलीचं खरं नाव कुणालाच धड म्हणता येईना. हिराबाईंनी तिचं नाव ठेवलं भिमी. भिमीची धाकटी बहीण कुणीतरी पळवून नेलेली. ती झाली धाकली. वाटेत होडीएवढे खेकडे अंगावर येत. पार्लरमधली पोरं म्हणे या खेकड्यांना घाबरून खेळ सोडून देत असत. हिराबाईंचं बालपण खाडीत चिंबोऱ्या धरण्यात गेलेलं. त्यांची तक्रार एवढीच की एवढी मोठी चिंबोरी मारून टाकून देतात, रस्सा करत नाहीत. भरती-ओहोटीवरही त्यांचा राग होता. "या लोकांचं पानी कवापन चढतं, कवापन उतरतं. आवस-पुनवेची तिथ बघतच नाय."

अडचण एकच, सगळी बोलणी इंग्रजीत. माणसं बोलत आणि खाली अक्षरं पळत. म्हणून मला बोलावणं आलं. "तुमी कचेरीत इंग्रजी वाचायचे. या, चहा ठेवते."

इथून माझा अपराध सुरू होतो. माझं इंग्रजी म्हणजे 'उपरोक्त विषयास अनुसरून' आणि 'योग्य त्या कार्यवाहीसाठी सादर'. पळती अक्षरं मला पहिल्या दिवशीच वाचता आली नाहीत. तसं सांगायला हवं होतं. पण चहा झाला होता, बशीत खारे शेंगदाणे होते, आणि हिराबाई माझ्या तोंडाकडे बघत होत्या.

"काय बोलते ती?"

"ती म्हणते," मी म्हणालो, "सदर होडी कोणाची आहे, याचा खुलासा व्हावा."

"आन तो म्हातारा?"

"तो म्हणतो, आपल्या बहिणीबाबत या गावात काहीही माहिती उपलब्ध नाही. पुढील गावी चौकशी करावी."

"मेला," हिराबाई म्हणाल्या. "सगले असंच बोलतात."

असं करत पहिला भाग संपला, दुसरा भाग सुरू झाला. माझी बायको पावणेचारलाच म्हणायची, "जा, तुमची कचेरी उघडली." मी जायचो. मला आता सवय झाली होती. भिमी काय बोलेल हे मी दुपारी जेवताना ठरवून ठेवत असे.

दुसऱ्या भागाच्या शेवटी धुकं येतं. भिमी होडीत उभी. समोर दूर एक कंदील हलतो. दुसरी होडी. धाकली! भिमी हाक मारते. तो कंदील थांबतो. आणि टीव्ही काळा होतो. काळ्यावर पांढरी दोन वाक्यं आली. थांबून राहिली होती म्हणून ती मात्र मला नीट वाचता आली. ही कथा तीन भागांची आहे, तिचा शेवट तिसऱ्या भागात होईल.

"मंग तिसरा लाव," हिराबाई म्हणाल्या.

"तो अजून यायचा आहे."

त्यांनी रिमोट खाली ठेवला. मग एकदम भडकल्या. "नवरी पाटावर उभी केली, डोक्याला बाशिंग बांधलं, आन धवलारीण घरी पलाली! कुनाची पोरं हायेत ही? यांना कुनी शिकवलं?" मांडवाला आग लागली तरी धवला मध्ये सोडायचा नाही, हे त्यांच्या आईने त्यांना शिकवलं होतं. अर्धा सोडला तर ज्यांच्यावर गायला ती माणसं अर्धी राहतात.

तेव्हापासून हिराबाई बाजारात गेल्या की मोबाईलच्या आणि सीडीच्या दुकानांत शिरून विचारत, "भिमीचा तिसरा आला का?" दुकानदार पोरं आधी हसत, मग ओळखायला लागली. आणि रोज चारला मी गेलो की पहिला प्रश्न तोच. "आला का, भाऊसाहेब?"

एके दिवशी मी मोबाईलवर शोधलं. गेम काढणारी कंपनी बुडाली होती. तिसऱ्या भागाची चार चित्रं काढून झाली होती, मग सगळ्यांना घरी पाठवलं होतं. कंदील का थांबला हे आता जगात कुणालाच माहीत नव्हतं.

मी खाली गेलो. हिराबाईंनी विचारलं, "आला का?"

मी म्हणालो, "प्रकरण विचाराधीन आहे."

आयुष्यभर हजारो माणसांना दिलेलं उत्तर होतं, तोंडातून आपोआप आलं. आणि पनवेलमध्ये या उत्तराने कुणी चकित होत नाही. आमच्याच बिल्डरने तीन टप्पे जाहीर केले होते. तिसऱ्या टप्प्याच्या जागी खड्डा आहे, त्यात बगळे उतरतात. हिराबाईंनी मान डोलावली आणि चहा ओतला. असं सहा वर्षं चाललं.

मधल्या काळात त्यांनी भिमीला लग्नात नेलं होतं, हे मला कोन गावातल्या एका हळदीत कळलं. मांडवात बसलो होतो आणि कानावर आलं,

*सदर होडी गो, कुनाच्या घाटाला,*

मान डावीकडे,

*धाकलीचा कंदील गो, पुढच्या गावाला.*

माझ्या हातातला वडा तसाच राहिला. मांडवातल्या बायका डोळे पुसत होत्या. गाणं धुक्यापर्यंत आलं, कंदील थांबला आणि हिराबाई थांबल्या. "पुढं गो?" बायका म्हणाल्या. "पुढचं यायचं हाय," हिराबाई म्हणाल्या. त्यांच्या शेजारी एक चष्मेवाल्या बाई रेकॉर्डर धरून बसल्या होत्या.

त्यांच्या पुस्तकात आता असं आहे की 'सदर' या शब्दावरून या समाजाचा तत्कालीन राजदरबाराशी संबंध दिसतो. आणि गाणं अपूर्ण ठेवणं ही आगरी स्त्रियांच्या रचनेची खास धाटणी आहे.

ते वाचलं आणि चार वाजायची वाट न बघता मी खाली उतरलो. हिराबाई पाटीत कोलीम, म्हणजे बारीक सुका जवळा, निवडत होत्या. मी उभ्यानेच सांगितलं. कंपनी बुडाली, तिसरा भाग येणार नाही, हे मला फार आधीपासून माहीत आहे. आणि पहिल्या दिवसापासून मी वाचलेलं सगळं खोटं आहे, मनाचं आहे.

हिराबाईंनी कोलमातला एक खडा काढून बाजूला ठेवला.

"कंपनीचं मना ठाव हाय. दुकानातल्या पोरानं तवाच सांगतलं."

"आणि माझं?"

"ती भिमी दोन शब्द बोलायची आन तुमी दोन मिंटं. मी काय येडी हाय?"

मी खुर्चीवर बसलो. "मग सहा वर्षं रोज मला काय विचारत होता? आला का, आला का?"

"तुमालाच विचारत व्हती." त्यांनी पहिल्यांदा वर बघितलं. "दोन भाग तुमीच केले ना? मंग तिसरा कोन करनार? कंपनी तुमी. आन तुमी रोज येऊन चहा पिऊन, विचार चाललाय बोलता."

"तुम्ही स्वतः जुळवायचा होता की. धवलारीण तुम्ही."

"मी बोलली, 'धाकली आली', तर मना ठाव आसतं, ते मीच बोलली. कोन आलं नाय." त्या पुन्हा कोलमाकडे वळल्या. "दुसऱ्यानं सांगतलं का मंग ते घडलेलं आसतं."

मी उठून टीव्ही लावला. दुसऱ्या भागाचा शेवट आला. धुकं, कंदील, काळोख. काळ्या टीव्हीसमोर आम्ही दोघं बसलो.

"वाचा," हिराबाई म्हणाल्या.

"धाकलीची होडी थांबलेली आहे," मी म्हणालो. "ती पुढे येत नाही."

"का?"

"तिला वाटतं, थोरलीने यावं."

"थोरलीनं हाक मारली ना?"

"हाक मारली. वल्हं मारलं नाही."

हिराबाईंनी कोलमाची पाटी बाजूला सारली, हात धुतले आणि विचारलं, "उरणची यष्टी कितीला हाय?"

"आत्ता?"

"मंग? तिथ बघू का?" आणि चप्पल घालता घालता, "तुमी पन चला. मधी कुटं आडली तर वाचायला कोन?"

न्हावा शेव्याच्या कंटेनरच्या रांगेत आमची एसटी तासभर उभी होती. हिराबाई तोंडातल्या तोंडात ओळी म्हणत होत्या. समोर बघून एक, खिडकीकडे बघून एक. खिडकी डावीकडे होती.

मोऱ्याला धक्क्याच्या मागच्या आळीत घर. अंगणात धाकट्या बाई बोंबील वाळत घालत होत्या. त्यांनी आम्हाला पाहिलं आणि पुन्हा बोंबलांकडे बघायला लागल्या. हिराबाई अंगणाच्या कडेला उभ्या राहिल्या, आत पाऊल टाकलं नाही. "कशी हाय?" वगैरे काही नाही. सरळ धवला सुरू केला. होडी, बुडालेलं गाव, चिंबोऱ्या, धुकं. मान इकडे, मान तिकडे. शेजारच्या बायका दारात आल्या. गाणं कंदिलापाशी आलं. मग हिराबाईंनी नवी ओळ टाकली,

*थोरलीनं वल्हं मारलं गो, होडीला लागली होडी,*

आणि थांबल्या.

धाकटीने हातातला बोंबील दोरीवर टाकला. "आवाज फाटलाय तुजा," ती म्हणाली. "आन 'सदर' काय 'सदर'? कुनी घातला ह्यो मेला शब्द?"

मी बोंबलांकडे बघत राहिलो.

संशोधक बाईंना मी हे सगळं पत्राने कळवतोच आहे. गाणं अपूर्ण नाही, त्याला तिसरा भाग आहे. 'सदर' आता त्यात नाही, काढून टाकला आहे. मला थोडं वाईट वाटलं, पण शब्द वाईटच होता.

त्या दिवशी अंगणात, पदराला हात पुसत पुसत धाकटीने ती ओळ उचलली. आणि हिराबाई समोरच बघत राहिल्या. त्यांनी मान डावीकडे वळवली नाही.